हिरडीला दिलेला आराम

माझा धंदाच असा की मला पाहिलं की लोक तोंड मिटतात. घरच्या जेवणात मी समोर बसले की मामांचं हसणं थांबतं, आत्या घास गालात धरून बसते आणि चुलतभावाला हटकून फोन येतो. मी दातांची डॉक्टर आहे. पण आमच्या गोतावळ्याच्या मते मी हातात पक्कड घेऊनच जन्माला आले. दात काढण्यापेक्षा वाचवण्यात मला जास्त आनंद होतो, हे मी एकोणीस वर्षं कानीकपाळी ओरडून सांगतेय. कुणी मनावर घेत नाही.

या सगळ्यांत पहिला नंबर भाऊजींचा, म्हणजे माझ्या ताईच्या नवऱ्याचा. भाऊजी शहराच्या वाद्यवृंदात ट्रंपेट वाजवतात, तेही पहिल्या खुर्चीत, म्हणजे मुख्य वादक म्हणून. "वादकाच्या तोंडाला परक्याने हात लावायचा नसतो," असं म्हणून ते माझ्या दवाखान्याची पायरी कधी चढले नव्हते. उलट माझ्यासमोर मुद्दाम पावाच्या कडक कडा कराकरा चावून दाखवायचे. ताई स्वतःच्या पावाच्या कडाही काढून त्यांच्याच ताटात ठेवायची. लाडोबा नुसते!

आणि मग एका मंगळवारी सकाळी दोघं माझ्या दारात. पुढे भाऊजी, तोंडावर रुमाल. मागे ताई, ट्रंपेटची काळी पेटी सांभाळत. ती बाहेरच्या बाकावर बसली आणि पेटी मांडीवर घेतली. लग्न झाल्यापासून हेच चाललंय. भाऊजी आत वाजवतात आणि ताई कुठल्या ना कुठल्या बाकावर पेटी घेऊन बसते.

"डॉक्टरीणबाई, आधी वचन दे," भाऊजी खुर्चीत टेकायच्या आतच म्हणाले. "काढणार नाहीस."

"आधी दाखवा तर!"

रुमाल खाली आला. वरचा समोरचा दात, उजवीकडचा. मी बोटाने हलकेच ढकलला, तर तो डुगडुगला. भाऊजींनी खुर्चीचे हात घट्ट धरले.

"सात आठवड्यांनी आमच्या वाद्यवृंदाला पन्नास वर्षं होतायत," ते म्हणाले. "त्यात चार मिनिटं मी एकटा वाजवणार आहे. बाजाचा सगळा दाब याच दातावर येतो गं. हा गेला तर माझा सूर गेला. नवा दात बसवून वाजवणारे असतील, पण मी छप्पन्नचा झालो. नव्या तोंडाने पुन्हा पहिल्यापासून शिकायला माझ्याकडे वर्षं कुठे आहेत?"

एवढं बोलताना त्यांनी एकही विनोद केला नाही. मी वचन दिलं नाही. एक्स-रे काढायला घेतला.

त्या आठवड्यात मी चार दात काढले होते. एका पठ्ठ्याने बाटलीचं झाकण दातांनी उघडलं आणि दात मुळापर्यंत चिरला. बँकेतल्या एका बाईंनी किडलेली दाढ आठ महिने वेदनाशामक गोळ्यांवर ढकलली होती. कीड दाताच्या नसेला जाऊन भिडली आणि गळू झालं, तेव्हा त्या आल्या. एका ड्रायव्हरच्या अक्कलदाढेला जागाच नव्हती, ती शेजारणीला ढुशा देत आडवी पडली होती. चौथा दात मात्र दिसायला धडधाकट होता, त्याच्याभोवतीचं हाडच झिजलं होतं. हिरड्यांचा आजार असाच असतो. फारसा दुखत नाही, म्हणून कुणी येत नाही. भाऊजींचा एक्स-रे पाहिला आणि मला तो चौथा दात आठवला. फक्त इथे अर्ध्याहून जास्त हाड अजून शिल्लक होतं.

"रक्त कधीपासून येतंय?"

"दोनेक वर्षं. पण मी लगेच उपाय केला हं!"

"कसला?"

"आराम दिला." भाऊजींच्या चेहऱ्यावर शहाणपण ओसंडत होतं. "वाजवून वाजवून ओठ फुटला की आम्ही वादक त्याला हात लावत नाही. आठ दिवस आराम दिला की ओठ ठणठणीत. ब्रश लागला की हिरडीतून रक्त यायचं. म्हटलं, हिलाही आराम देऊ. त्या बाजूला ब्रश फिरवणंच बंद केलं."

मी कपाळाला हात लावला. हातात मोजा होता, तो बदलावा लागला.

"दोन वर्षं?"

"तिथे फक्त चुळा."

संताप गिळून मी विचारलं, "भाऊजी, बाजा कसा साफ करता हो?"

झालं! त्यांची कळी खुलली. दर रविवारी कोमट पाणी, थोडा साबण, मग लांब लवचीक ब्रश प्रत्येक नळीतून. तोंडाला लावायचा भाग तर रोज. वळणावळणात थुंकी साचते, तिचा थर बसतो आणि तो थर धातू खातो.

"आणि दोन वर्षं नाही केलं तर?"

"वेड लागलंय का तुला? बाजा कामातून जा..."

त्यांनी माझ्या हातातला छोटा आरसा घेतला, ओठ वर केला आणि बराच वेळ त्या दाताकडे पाहत राहिले.

मग आम्ही कामाला लागलो. हिरडी बधिर करून तिच्या खालची घाण दोन खेपांत खरवडून काढली. समोरचे दात मागच्या बाजूने बारीक तारेने एकमेकांना बांधले, म्हणजे हलणाऱ्याला शेजाऱ्यांचा आधार मिळेल. रक्तातली साखर तपासून घेतली, कारण ती वाढलेली असली तरी हिरड्या खचतात. पाच आठवडे ट्रंपेटला हात लावायचा नाही, अशी सक्त ताकीद दिली. मागची एक दाढ मात्र दुभंगलेली होती, ती वाचणार नव्हती.

"दाढ काढली की नजर अधू होते म्हणतात," भाऊजी पुटपुटले.

"डोळे आणि दात शेजारी राहतात, पण त्यांचं येणंजाणं नाही. आ करा."

जाताना त्यांनी माझ्या सूचना सुरावटीच्या कागदामागे लिहून घेतल्या. मऊ ब्रश, सकाळी आणि झोपताना, दोन-दोन मिनिटं. दात आणि हिरडी जिथे मिळतात तिथे हळुवार. दोन दातांमधल्या फटीत छोटा ब्रश. सुरुवातीला रक्त आलं तरी थांबायचं नाही. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं, दुखो वा न दुखो. पुढे ताईचा फोन आला, की बेसिनवर ताल मोजायचं यंत्र आलंय आणि स्नानगृहात दुसऱ्या कुणाचा नंबरच लागत नाही.

सहाव्या आठवड्यात दोघं पुन्हा आली. हिरडी गुलाबी, घट्ट. रक्ताचा टिपूस नाही. मी दात ढकलला, तो जागचा हलला नाही.

"गेलेलं हाड परत येत नाही," मी बजावलं. "आहे ते जन्मभर सांभाळायचं."

"वाजवू?"

"हळू वाजवा."

ताईने पेटी आत आणून दिली. भाऊजींनी ट्रंपेट ओठाला लावलं. पहिला सूर फाटला. दुसरा कापरा आला. मग तिसरा लागला तो असा भरदार, की खिडकीची काच थरथरली. चार मिनिटांच्या तुकड्यातलं पहिलं अर्धं मिनिट त्यांनी तिथेच वाजवलं, आणि बाहेरच्या पेशंटांनी सुजलेल्या गालांनी टाळ्या पिटल्या.

दारात उभी ताई हसत होती आणि रडतही होती. एरवी ती हसताना तोंडावर हात धरते. मला वाटायचं, लाजरी आहे. आज तो हात धरायचा राहिला.

डावीकडच्या तीन दाढा नव्हत्या. चौथीचा नुसता खुंट उरला होता.

"ताई, हे कधी गं?"

हात झटकन वर गेला. "पहिली तू दवाखाना उघडलास त्या वर्षी. बाकीच्या मग दुखल्या तशा. बाजाराजवळचे ते डॉक्टर आहेत ना, त्यांनी काढल्या."

"मी सख्खी बहीण इथे बसलेली असताना?"

"तू ओरडतेस गं. आणि तुझ्याकडे केवढी गर्दी असते." ती ओशाळून हसली. "मला कुठे बाजा वाजवायचाय?"

मला तिचा राग आला, त्याहून जास्त स्वतःचा आला. साऱ्या गोतावळ्याच्या तोंडात डोकावून पाहणारी मी, पण ताईला मात्र कधी 'आ कर' म्हणाले नव्हते.

भाऊजी हातातल्या ट्रंपेटकडे पाहत म्हणाले, "त्या पावाच्या कडा... मला वाटायचं, मला आवडतात म्हणून देतेस."

"आवडतात की तुम्हाला," ताई म्हणाली.

मी खुर्ची पुसली आणि दिवा तिच्याकडे वळवला. "बस. ती चौथी अजून वाचेल कदाचित."

"अगं, पण यांची तालीम आहे अकराला..."

"तालीम थांबेल," भाऊजी म्हणाले. त्यांनी ट्रंपेट पेटीत ठेवलं, पेटी माझ्या टेबलाखाली सरकवली, ताईच्या खांद्यावरची पर्स काढून घेतली आणि बाहेर जाऊन बाकावर बसले, पर्स मांडीवर घेऊन.