शिशाच्या रंगाची खिडकी

मित्रांनो, मी बाल्टिमोरमधल्या एका भाड्याच्या घराची खिडकी आहे. जुनी आहे आणि खरं सांगायचं तर दमले आहे. सुतारानं मला वर-खाली सरकेन अशी घडवलं आणि शिशाचा पांढरा रंग दिला. त्या काळी तो रंग म्हणजे श्रीमंती. ऊन-पावसाला दाद देत नसे. लोक कौतुक करत आणि मलाही ते खरं वाटे.

पुढे शिसं मुलांना विषासारखं बाधतं हे कळलं आणि शिशाच्या रंगावर बंदी आली. ती दुकानातल्या डब्यांवर आली. माझ्या अंगावरचा रंग अंगावरच राहिला.

घरमालक लिओनार्ड कोवाल्चिक. माणूस वाईट नाही, हीच तर अडचण. आईच्या रिवाजानं तो दर शनिवारी दारापुढच्या संगमरवरी पायऱ्या घासून लख्ख करतो. पायऱ्या स्वच्छ म्हणजे घर स्वच्छ, अशी त्याची समजूत. भाडेकरू गेला की तो माझ्यावर रंगाचा आणखी एक हात मारी. असे अकरा हात झाले आणि मी चौकटीत गच्च रुतून बसले. ती माझी सुखाची वर्षं. बंद खिडकी कुणाचं वाईट करत नाही.

मग भर उन्हाळ्यात डेल्फीन टिल्मन राहायला आली. कडेवर दीड वर्षाची ओडेट.

"मिस्टर लिओनार्ड, खिडकी हलत नाही. पोरगी उकडून निघतेय."

"एवढंच ना? आत्ता मोकळी करून देतो."

त्यानं सुरीनं माझ्या फटी कापल्या आणि दुपारभर कोरड्या सँडपेपरनं मला घासलं. पिठासारखी धूळ उडाली. ती त्यानं केरसुणीनं मनापासून घरभर पसरवली. त्यानंतर मी रोज वर-खाली सरकायचे आणि रोज थोडी थोडी झडायचे. ओडेट टाचा उंचावून मांजरं बघायची आणि माझी कड चावायची. शिसं गोडसर लागतं, मित्रांनो.

हिवाळ्यात तिचं रक्त तपासलं. त्यात शिसं निघालं, म्हणून डॉक्टरांनी स्वतः फोन केला. ओडेट नऊ शब्द बोलायची. आता चार उरले होते.

लिओनार्डनं विम्याचा माणूस बोलावला. रस्को प्रुइट त्याचं नाव. दोघं माझ्यापाशीच उभे होते.

"बावीस वर्षं हप्ते भरतोय. कधी काही मागितलं नाही," लिओनार्ड म्हणाला.

"आग लागली असती तर लगेच दिलं असतं," प्रुइट शांतपणे म्हणाला. "चौऱ्याहत्तरावं पान बघा. शिशामुळे होणारी इजा वगळलेली आहे."

"हे पान कधी आलं?"

"नऊ वर्षांपूर्वी. सोबत कॅलेंडर होतं."

"ते लावलं होतं मी," लिओनार्ड म्हणाला.

डेल्फीननं वकिलाला फोन केला. "चूक मालकाची आहे ना? मग? विमा नाही म्हणून केस घेणार नाही?" चूक कुणाची यावर सगळ्यांचं एकमत होतं. भरून देणारा तेवढा कोणी नव्हता.

"पोरी, या घराशिवाय माझ्याकडे काही नाही गं," लिओनार्ड सांगू लागला.

"मग खिडकी तरी काढा."

"अशा आठ आहेत."

"मुलगी एकच आहे, मिस्टर लिओनार्ड."

ती बहिणीकडे राहायला गेली. जाताना माझ्या काचेवर जाड पेननं लिहून गेली: 'इथं शिसं आहे. बाळाला उभं करू नका.'

शनिवारी लिओनार्ड बादली घेऊन आला. त्यानं ते वाचलं. रंगाच्या डब्यावर बसून पुन्हा वाचलं. मग उठून काच पुसली. बावीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि फार छान पुसली. नंतर बारावा हात मारला.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपाव्यात असं तुम्हांला शिकवतात. मला जपू नका. रंगवू नका, कोरडं घासू तर मुळीच नका. माहितगार माणसाला बोलवा आणि मला उचकटून न्या. जमलं तर सोमवारच्या आत. नवे भाडेकरू येतायत, आणि त्यांना जुळी आहेत.