पाण्यात उतरवलेला मल्हार

मित्रांनो, मी भिंतीवर टांगलेलं एक चित्र आहे. दिसायला नवं आहे, पण माझ्या रंगाखाली एक जुनं चित्र दडपलेलं आहे. त्यामुळे कुणी वय विचारलं की माझी पंचाईत होते.

मला मल्हारने काढलं. मल्हार मूळचा आटपाडीकडचा, मेंढरांमागे वाढलेला. आता कुंडल गावात राहतो आणि कुपवाडच्या एका कारखान्यात यंत्रांना रंग मारतो. ही नोकरी त्याला जयराजच्या शब्दावर लागली; कारखाना जयराजच्या काकांचा. जयराज त्याचा शाळेपासूनचा मित्र. त्याचा ऊस आहे, विहीर आहे आणि विहिरीमुळे पुष्कळ मित्रही आहेत. तो हसला की सगळे हसतात. तो थांबल्यावरही एखादा हसत राहिला, तर पुढच्या रविवारी त्याला विहिरीवर यायचा फोन जात नाही.

मल्हारला मात्र फोन हमखास जायचा. बाकीचे विहिरीत उड्या मारायचे, तेव्हा जयराजचे कपडे, मोबाईल आणि सोन्याची साखळी धरून काठावर कुणीतरी उभं राहायला हवं ना! इतके उन्हाळे विहिरीवर काढूनही मल्हारला पोहता येत नाही.

तेच त्याने माझ्यावर काढलं. पाण्यात हसरी डोकी, काठावर एक कोरडा माणूस, हातात दुसऱ्याचे कपडे. सांगलीच्या प्रदर्शनासाठी माझी निवड झाली. त्याची बायको उत्कर्षा माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. म्हणाली, "आवं, आता ह्येला हात लावू नगा."

मग जयराज मला बघायला आला.

"लय झ्याक, गड्या. पण तू भाईर का रं? लोकास्नी वाटंल, तुला कामाला ठेवलाय."

"मी भाईरच असतो की," मल्हार म्हणाला.

"आपल्यात लहानमोठं हाय का कवा? घे की पाण्यात." जाता जाता तो हसला. "कारखान्यात काका इचारत हुते तुझं. म्या म्हटलं, आपलाच माणूस हाय."

त्याच संध्याकाळी मल्हारने काठावरच्या माणसावर दगडाचा रंग चढवला. पाण्यात एक डोकं वाढवलं, ओल्या केसांचं, हसणारं. उत्कर्षाने विचारलं, "ह्यो कोण?" मल्हार ब्रश धूत राहिला.

प्रदर्शनात लोक 'छान आहे' म्हणाले आणि पुढे सरकले. आता मी जयराजच्या बंगल्यात आहे. परवा एका पाहुण्याने विचारलं, "ह्यातला चित्रकार कोणता?"

जयराजने बोट दाखवलं. "ह्यो आमचा मल्हार. लय भारी पवतो."

मल्हार शेजारीच उभा होता. त्याने मान डोलावली.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसायची राहिली तरी चालेल. पण तुमचा एखादा मित्र असा काठावर उभा असेल, तर त्याला चित्रात पाण्यात उतरवू नका. आपले कपडे दगडावर ठेवा आणि त्याला पोहायला शिकवा.