शिळे आकडे

स्क्रीनवर ते गोल चक्र फिरायला लागलं की संघमित्रा नजर दुसरीकडे वळवायची. तापीकाठ रक्तसेवा ट्रस्टची जळगाव, भुसावळ, अमळनेर, धुळे आणि साक्री अशी पाच केंद्रं होती. कुठल्या केंद्रात कोणत्या गटाच्या रक्ताच्या किती पिशव्या आहेत, हे एका जागी दिसावं म्हणून ट्रस्टने जळगावच्या मुख्य कार्यालयात एक सॉफ्टवेअर बसवून घेतलं होतं. सगळे त्याला नुसतं ‘बोर्ड’ म्हणत. बोर्ड सांभाळायचं काम संघमित्राचं. आणि बोर्ड उघडायला इतका वेळ लागायचा की माणूस चहा सांगून, पिऊन परत यायचा, तरी चक्र आपलं फिरतंच असायचं.

केंद्रातल्या लोकांनी कधीच नाद सोडला होता. पिशवी हवी असली की ते सरळ एकमेकांना फोन लावत. धुळे केंद्राच्या दिपमालाताई तर तोंडावर बोलायच्या, “तुझा बोर्ड उघडेस्तोवर माझा पेशंट एकतर घरी जाईल, नाहीतर वर जाईल.”

संघमित्रा हसायची, पण ते बोलणं तिला रात्रभर टोचत राहायचं. ती वाढली दीपनगरच्या कॉलनीत. तिचे वडील मोतीलाल वीज केंद्रात होते. काम चोख नसेल तर जेवण गोड लागू नये, असं त्या घराचं वळण होतं.

त्यातच प्रेमराज शेठ आणि ट्रस्टच्या बाकी विश्वस्तांची बैठक ठरली. हितेंद्र सर हे संगणक विभागाचे प्रमुख. त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि दार लोटून सांगितलं, “प्रेमराज शेठ म्हणतात, चालत नसेल तर हे सगळं काढून टाका, पुण्याच्या कंपनीचं घ्या. मग मी इथे राहीन की नाही माहीत नाही. तू तर कंत्राटावर आहेस.”

मेहरूण भागातल्या आपल्या खोलीवर बसून तिने दुखणं शोधून काढलं. कोणीही बोर्ड उघडला की तो बिचारा ट्रस्ट सुरू झाल्यापासूनच्या सगळ्या पिशव्या मोजायला घ्यायचा. आल्या किती, तपासल्या किती, दिल्या किती, बाद किती, आणि त्यातून आज उरल्या किती. घरात पाण्याचे हंडे किती भरलेत एवढंच विचारावं, तर समोरच्याने वास्तुशांतीपासूनचा हिशेब मांडायला बसावं, तसा प्रकार. तिने उपाय काढला. दर पंधरा मिनिटांनी एकदाच ती बेरीज करून बाजूला तयार ठेवायची. बोर्डने फक्त ती तयार बेरीज उचलून दाखवायची.

बोर्ड पापणी लवायच्या आत उघडू लागला. कार्यालयात आनंदीआनंद झाला. हितेंद्र सरांनी सगळ्यांसाठी कचोरी मागवली.

संघमित्राने मात्र कचोरी बाजूला ठेवली आणि सरांना गाठलं. बेरीज कधी केलेली आहे ती वेळ बोर्डवर दिसायला हवी, असं तिचं म्हणणं होतं. सर म्हणाले, “पंधरा मिनिटांपूर्वीचे आकडे असं शेठनी वाचलं की शंभर प्रश्न विचारतील. बैठक होऊ दे, मग टाकू.” ती “बरं सर” म्हणाली आणि बाहेर आली. पंधरा मिनिटांत काय होतंय, असं तिने स्वतःलाही समजावलं.

बैठकीच्या दिवशी दुपारी ती खाली पाणी प्यायला गेली, तर दारात गाडी लागलेली. कॉलेजातल्या रक्तदान शिबिराहून पिशव्या आल्या होत्या. माणसं खोके उतरवत होती, तपासणीच्या खोलीत एक जण भराभर नोंदी करत होता. शिबिर चांगलं झालं म्हणून तिला बरं वाटलं. वर येऊन तिने सहज बोर्डवर नजर टाकली. आलेली पिशवी आधी ‘तपासणीत’ या रकान्यात दिसते. तो रकाना सकाळी होता तसाच होता.

नोंद चालू असेल अजून, असं म्हणून ती थांबली. थोड्या वेळाने परत पाहिलं. तोच आकडा. पुन्हा उघडला. बोर्ड झटक्यात उघडला आणि झटक्यात तोच आकडा दाखवला.

तिने बोर्डच्या मागची बेरजेची नोंद उघडली. शेवटची बेरीज सकाळी दहाला झालेली. त्यानंतरची प्रत्येक बेरीज रांगेत अडकून पडलेली. विश्वस्तांना दाखवायला हितेंद्र सरांनी सकाळी पाच वर्षांचा एक भलामोठा अहवाल चालवायला लावला होता. तो अहवाल सगळ्या नोंदी धरून बसला होता आणि त्याच्यामागे सगळ्या बेरजा तुंबल्या होत्या. पूर्वी असं झालं असतं तर बोर्ड उघडलाच नसता, लोकांनी शिव्या घालून फोन फिरवले असते. आता तो हसतमुखाने उघडत होता आणि पाचही केंद्रांना सकाळचे शिळे आकडे ताजे म्हणून वाढत होता.

तेवढ्यात फोन वाजला. धुळ्याहून दिपमालाताई.

“संघमित्रा, मानलं बुवा तुला!” ताईंचा आवाज घाईचा होता, पण खूश. “साक्रीकडून एक बाळंतीण आलीय. रक्तस्राव थांबत नाही. गट ओ निगेटिव्ह, आणि माझ्याकडे एकही पिशवी नाही. बोर्ड उघडला, जळगावला तीन दिसल्या. निंबाभाऊंना लगेच गाडी घेऊन पिटाळलं. कोणाला फोनसुद्धा करावा लागला नाही बघ.”

संघमित्रा खुर्चीतून उठलीच. “ताई, एक मिनिट थांबा. मी लगेच फोन करते.”

जिना ती कसा उतरली तिला कळलं नाही. रक्त देण्याच्या खिडकीवर किरण बसला होता. “ओ निगेटिव्ह किती आहेत?”

“एकही नाही,” किरण म्हणाला. “अकराच्या सुमाराला हायवेवरच्या अपघाताचा पेशंट आला ना, त्याला तिन्ही दिल्या. का?”

तिने फ्रीज उघडायला लावला. तो कप्पा रिकामा होता. थंड हवेचा झोत अंगावर आला. धुळ्याहून निघालेली गाडी या रिकाम्या कप्प्याकडे धावत येत होती.

तिने भुसावळला फोन लावला. ओ निगेटिव्ह नाही. अमळनेरला लावला. नुसती रिंग वाजत राहिली. निंबाभाऊंना लावला. तेही उचलेनात. जिन्यातच तिने दिपमालाताईंना फोन केला आणि एका दमात सांगून टाकलं, “ताई, बोर्डवरचा आकडा सकाळचा होता. जळगावला पिशवी नाही. दुसरीकडे शोधतेय.”

ताई हळू म्हणाल्या, “तिच्या नवऱ्याला मी सांगून बसलेय गं, रक्त निघालंय म्हणून.” आणि फोन बंद झाला.

आता खरं काय ते एका जागी बघायचं तर आधी तो अहवाल थांबवायला हवा होता, आणि तो थांबवण्याचा अधिकार फक्त हितेंद्र सरांच्या लॉगिनला होता. सर होते वर सभागृहात. संघमित्राने दार ढकललं. समोरच्या मोठ्या पडद्यावर बोर्ड झळकत होता आणि प्रेमराज शेठ म्हणत होते, “याला म्हणतात काम! बोट लावलं की हजर.”

सरांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. ती त्यांच्या कानाशी वाकणार होती, पण तेवढाही धीर न धरता दारातूनच बोलून गेली.

“सर, बोर्ड बंद करायला लागेल. आकडे चुकीचे आहेत.”

“मी येतो बाहेर, पाच मिनिटं थांब,” सर दातावर दात दाबून म्हणाले.

“पाच मिनिटं नाहीत सर. धुळ्याला एक बाळंतीण रक्तासाठी अडून आहे. हा आकडा बघून गाडी निघालीय, आणि पिशव्या इथे नाहीत. तुमचा अहवाल थांबवा आधी.”

सर क्षणभर शेठकडे पाहत राहिले, मग तिच्याकडे. त्यांचा चेहरा उतरला. पण त्यांनी वाद घातला नाही. लॅपटॉप तिच्याकडे सरकवला आणि स्वतः उठून खुर्ची दिली. तिने अहवाल तोडला, बोर्ड बंद केला आणि बेरीज नव्याने करायला लावली.

पडद्यावर गोल चक्र फिरू लागलं.

सगळे विश्वस्त त्या चक्राकडे बघत बसले. संघमित्रा आधी अमळनेरचा फोन पुन्हा लावून पाहत होती, मग निंबाभाऊंचा. धुळ्याहून येणारी गाडी वाटेतलं पारोळा ओलांडून एरंडोलकडे गेली की अमळनेरचा फाटा मागे पडणार, मग पिशवी असली तरी उपयोग नाही. ती बाई तिने पाहिलेली नव्हती, नावही माहीत नव्हतं. तरी तिचा जीव त्या चक्रात अडकून गरगरत होता. “किती वेळ लागतो याला?” शेठनी विचारलं.

चक्र थांबलं. जळगाव, शून्य. भुसावळ, शून्य. साक्री, शून्य. अमळनेर, दोन.

आता त्या आकड्यावरही तिचा विश्वास बसेना. अमळनेरचा फोन तिसऱ्यांदा लावला तेव्हा तिथल्या कुंदनने उचलला. तो जेवायला गेला होता. “कुंदन, बोर्डवर बघू नकोस. फ्रीज उघड आणि डोळ्यांनी बघून सांग, ओ निगेटिव्ह किती आहेत?” फोनवर त्याच्या चपलांचा आवाज आला, दाराचा आवाज आला. “दोन आहेत ताई. दोन्ही तारखेत आहेत.”

“बाजूला काढून ठेव. कोणालाही देऊ नकोस.”

मग तिने निंबाभाऊंना पुन्हा लावला. या वेळी रिंग संपता संपता त्यांचा अहिराणी बोलीतला आवाज आला, “हां ताई, बोला. गाडी चालाडी ऱ्हायंतू, म्हनीसन उचला नही.”

“भाऊ, कुठे पोचलात?”

“पारोयाले शे. डिझल भराले थांबनू.”

म्हणजे गाडी अजून पारोळ्यातच होती. “जळगावला येऊ नका भाऊ. इथे पिशवी नाही. तिथूनच अमळनेरला वळा. कुंदन बॉक्स घेऊन दारात उभा राहील. तिथून सरळ धुळ्याला.”

“काय जयं ताई?”

“नंतर सांगते. पण लवकर जा.”

“आत्तेच गाडी फिरावस,” निंबाभाऊ म्हणाले. डिझेल अर्धंच भरून ते निघाले, हे तिला पुढे कळलं.

बैठक तिथेच थांबली. विश्वस्तांपुढचा चहा गार झाला. पाळीपाळीने कुणी ना कुणी तिला “काही कळलं का?” असं विचारत राहिलं आणि ती मान हलवत राहिली. उन्हं कलली तेव्हा दिपमालाताईंचा फोन आला. त्या फार दमलेल्या वाटत होत्या. “पिशव्या आल्या. तिच्या रक्ताशी क्रॉसमॅच जुळला. चढवायला घेतलंय.” संध्याकाळी आणखी एक निरोप आला. रक्तस्राव थांबला, बाई अतिदक्षता विभागात आहे, तान्ही मुलगी ठीक आहे.

हितेंद्र सर तिच्या टेबलाशी येऊन उभे राहिले. “एक सांगू? पिशव्या इथे असत्या, तर गाडीला जळगावला येऊन परत जायला याहून उशीर झाला असता. अमळनेर जवळ पडलं. म्हणजे नुकसान काही झालं नाही.”

“बोर्ड खरा असता तर गाडी पहिल्यापासून अमळनेरलाच गेली असती, सर.”

सर म्हणाले, “वेळ दाखवायची तू म्हणालीस, मीच नको म्हणालो. शेठना मी ते सांगितलंय.” तिला वाटलं होतं हे ऐकून हलकं वाटेल. वाटलं नाही. “बरं सर” हे दोन शब्द तिच्याच तोंडचे होते.

पुढचे काही आठवडे तिने बोर्ड मुळापासून उकलला. आज हातात असलेल्या पिशव्यांची एक छोटी वेगळी यादी केली. पिशवी आली की त्याच क्षणी यादीत चढते, दिली की त्याच क्षणी उतरते. जुन्या वर्षांचा पसारा वेगळा ठेवला, आणि मोठे अहवाल त्याच्या प्रतीवरच चालतील अशी सोय केली, म्हणजे कोणाच्या वाटेत कोणी येणार नाही. आकड्यांच्या वर ठळक अक्षरात वेळ घातली. वेळ जुनी झाली की आकडे गायब होतात आणि तिथे फक्त केंद्रांचे फोन नंबर दिसतात.

प्रेमराज शेठनी बघितलं आणि म्हणाले, “मागच्यापेक्षा जरा हळू उघडतो की!”

“हो, जरा हळू आहे,” संघमित्रा म्हणाली. “पण खरं सांगतो.” शेठनी मान डोलावली. पुण्याच्या कंपनीचं नाव त्यानंतर निघालं नाही.

नवा बोर्ड धुळ्याला बसवायला ती एसटीने स्वतः गेली. दिपमालाताईंनी पाणी दिलं, खुर्ची दिली, पण जुनं काही काढलं नाही. शेवटी तिनेच विचारलं, “ती बाई कशी आहे?”

“घरी गेली. बारीक झालीय फार. सावरायला वेळ लागेल.”

“उशीर झाला म्हणून का, ताई?”

ताई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, “डॉक्टर काही बोलले नाहीत. मी विचारलं नाही.”

दुपारी एका दवाखान्यातून बी निगेटिव्हची मागणी आली. धुळ्यात नव्हतं. ताईंनी बोर्ड उघडला, बोटाने वेळ वाचली, मग आकडा वाचला. भुसावळला एक होती. त्यांनी निंबाभाऊंना हाक मारली आणि गाडी निघाली. ताई दुसऱ्या कामाला लागल्या. संघमित्रा मात्र तिथेच उभी राहिली. दर थोड्या वेळाने ती बोर्ड बघायची, भुसावळचा तो एक आकडा जागेवर आहे ना म्हणून. तिच्यासाठी मागवलेला पोळी-भाजीचा डबा गार होत चालला होता.

“बस की खाली आता,” दिपमालाताई म्हणाल्या.

“बसते,” ती म्हणाली, आणि उभीच राहिली.

निंबाभाऊंचा फोन आला तेव्हा तिनेच झडप घालून उचलला. “भेटनी ताई. बॉक्समा ठेवी दिनी शे,” ते म्हणाले. तिने फोन ताईंच्या हातात दिला, खुर्ची ओढली आणि डब्याचं झाकण उघडलं.