आडव्या स्नायूचे बोलणे

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेले नाही आणि पाहाल असेही वाटत नाही. मी पोटातला एक जुना स्नायू आहे. माझे बोलणे कुणाला ऐकावेसे वाटेल की नाही, याची मला खात्री नाही. पण गप्प राहून एकदा फार मोठा घोळ झाला होता, म्हणून बोलतो.

दिंद्रुडच्या बाजारात फळे विकणारे हबीबभाई तुम्हाला ठाऊक असतील. त्यांच्या पोटाच्या भिंतीत माझा जन्म झाला. आम्ही चौघे भाऊ. थोरला सरळ. तो छातीच्या फासळ्यांपासून खाली ओटीपोटापर्यंत उभा उतरतो. त्याचे दोन भाग आहेत आणि मधून एक पांढरी शिवण जाते. बाजूला तिघे, एकावर एक, जणू तीन घड्यांचे कापड. वरच्या भावाचे धागे तिरपे खाली पुढे येतात, खिशात हात घातल्यावर बोटे जातात तसे. त्याच्या आतल्याचे धागे नेमके उलटे तिरपे. आणि सर्वांत आत मी, आडवा, कमरेला बांधलेल्या पट्ट्यासारखा. माझ्यामागे एक पातळ पडदा आणि त्यामागे आतडी. ही सारी माहिती मी पुढे एका डॉक्टरांच्या तोंडून ऐकली. सांगताना माझी काही चूक होत असेल तर समजून घ्या.

मला विश्रांती माहीत नाही. हबीबभाई हसले की मी आवळतो. शिंकले, ओरडले, कुंथले, उठून बसले, तरी मीच आवळतो. नुसता हात उचलायचा म्हटला तरी हाताच्या आधी मला तयार व्हावे लागते, नाहीतर कंबर लचकेल. झोपेत जरा सैल पडावे, तर खोकल्याची उबळ येते.

तरुणपणी हबीबभाई मोसंबीची कॅरेट एकावर एक दोन उचलत. शेजारचा भाजीवाला त्रिंबक त्यांच्या पोटात बुक्की मारून म्हणायचा, "पोट हाय का दगड बे? माझाच हात दुखला!" हबीबभाई शर्ट वर करून दाखवायचे. कौतुक व्हायचे ते थोरल्याचे, कारण दिसायचा तोच. मला त्याचा हेवा वाटला नाही, असे मी म्हणणार नाही. पण ओझे उचलताना तो एकटा काय करणार होता?

मग बिड्या आल्या आणि खोकला आला. अंगावर चरबी चढली, थोरला दिसेनासा झाला. ओझे मात्र तेवढेच राहिले.

आता माझी सर्वांत कमजोर जागा सांगतो. खाली जांघेशी माझी कड कमानीसारखी वळते. तिच्याखाली एक तिरपी वाट आहे. पुरुषाच्या पोटातून वृषणाची दोरी जन्माआधीच त्या वाटेने खाली उतरते, म्हणून ती पूर्ण बंद करता येत नाही. खोकला आला की मी कमान खाली ओढून वाट दाबून धरतो. वर्षानुवर्षे धरत आलो. पण सततच्या खोकल्याने आणि ओझ्याने ती वाट रुंद झाली. एके दिवशी आतड्याचे एक वेटोळे तिच्यातून बाहेर डोकावले. जांघेत लिंबाएवढा गोळा दिसू लागला.

हबीबभाई घाबरले, पण त्याहून जास्त लाजले. उभे राहिले की गोळा यायचा, आडवे झाले की जायचा. बाजारात तो आला, तर ते कॅरेटच्या आडोशाला बसून बोटांनी आत ढकलायचे आणि लुंगीची गाठ घट्ट करायचे. बायकोला, बीबीजानला, सांगितले नाही. मुलगा वासिफ मोठा झाला होता, त्यालाही नाही. ती जागाच तशी, काय सांगणार! मी आतून कळ देत राहिलो. ते बिडी पेटवत राहिले.

सीताफळांचे दिवस होते. एका सकाळी हबीबभाईंनी भरलेले कॅरेट उचलले आणि नेमका त्याच क्षणी खोकला आला. मी आवळलो, पण आतडे माझ्या आधी बाहेर गेले होते. आता मी सैल झालो असतो तर आणखी आतडे गेले असते. आवळलेला राहिलो, तर गेलेल्याचा गळा आवळला जात होता. मी काय करायला हवे होते, हे मला अजूनही कळलेले नाही.

गोळा आत जाईना. हबीबभाई घरी येऊन पडले, ओकले, घामाने भिजले.

"काय झालं?" बीबीजानने विचारले.

"बेंबी सरकली," ते म्हणाले.

आमच्याकडे ओझे उचलून पोट दुखले की बेंबी सरकली म्हणतात. त्यात लाज वाटण्यासारखे काही नसते. गल्लीतल्या वच्छलाबाई तेल लावून, अंगठ्याने दाबून, बेंबी बसवत. बीबीजानने त्यांना बोलावले.

"हबीबभाई, हत्ती उचलला का काय?" तेलाची वाटी ठेवत वच्छलाबाई म्हणाल्या.

"कॅरेट."

"या वयात? आता पोरांनी उचलायचं अन् तुमी गल्ल्यावर बसायचं."

त्यांनी बेंबीपाशी अंगठा ठेवला आणि दाबला. त्या दाबाने आत अडकलेले आतडे चिरडेल की काय, अशी मला धास्ती बसली. मला तोंड नाही, हात नाही. मला एवढेच येते, ते मी केले. मी घट्ट झालो. माझ्यावरचे दोघे घट्ट झाले, थोरलाही झाला. पोटाची फळी झाली.

वच्छलाबाईंनी दोन्ही अंगठे लावले. "हात आत जाईना. पोट लाकूड झालंय."

"जोर लावा," हबीबभाई दातओठ खात म्हणाले. "दाबा लई."

हे कोण थांबवणार? वच्छलाबाई पुन्हा वाकल्या आणि तेवढ्यात बीबीजानचे लक्ष नवऱ्याच्या हाताकडे गेले. दुखते बेंबीशी म्हणत होते, पण हात मात्र लुंगीच्या गाठीखाली घट्ट धरलेला.

"हात काढा तिथला," ती म्हणाली.

"राहू दे."

"काढा म्हणते ना! कावून धरलाय?"

"बाई हायेत इथं."

"बाई हायेत म्हणून मरताव का?"

हबीबभाईंनी डोळे मिटून घेतले. मग वच्छलाबाईंनी तेलाचे हात पदराला पुसले आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

"हे बघा, मी पाठ केली. मला काय दिसत न्हाई. आता बोला."

हबीबभाईंचा आवाज फार बारीक आला. "जांघेत गोळा हाय. लई दिसांचा. रोज आत जातो. आज जाईना."

"अन् मला बेंबी दाबायला लावली व्हय!" वच्छलाबाई भिंतीशीच ओरडल्या. "माझ्या हातून जीव गेला असता की तुमचा! बीबीजान, पाणीबी पाजू नको. वासिफला गाडी आणाय लाव."

त्रिंबकच्या टेम्पोत, सीताफळांच्या मोकळ्या कॅरेटशेजारी गादी टाकून हबीबभाईंना माजलगावला नेले. रस्त्यातल्या प्रत्येक खड्ड्याला मी आवळत होतो आणि आतड्याचा रंग बदलत होता.

डॉक्टरांनी वासिफला कागदावर आम्हा भावांचे चित्र काढून दाखवले. "हे थर, ही वाट. आतडं इथं अडकलंय. काळं पडलं असेल तर तेवढा तुकडा कापावा लागेल. आत बघितल्याशिवाय सांगता येत नाही."

मग मला बधिर केले. जन्मात पहिल्यांदा मी सैल पडलो. वरच्या भावाला चिरले, आतल्याला बाजूला सारले आणि माझ्या कडेवर उजेड पडला. मला तो सोसवेना. आतड्याचे वेटोळे जांभळे झाले होते. डॉक्टरांनी त्याची अडकण सोडवली, त्यावर कोमट पाण्याचे कापड ठेवले आणि हात थांबवले. ते थांबणे मला आयुष्यातल्या साऱ्या ओझ्यांपेक्षा जड गेले. कापड उचलले. जांभळा रंग. पुन्हा ठेवले. पुन्हा उचलले, तेव्हा एका कडेने गुलाबी छटा पसरत होती आणि आतडे गांडुळासारखे हलले.

"हलतंय," डॉक्टर म्हणाले. "कापायला नको."

आतडे आत गेले. त्या वाटेवर एक बारीक जाळी शिवली. ती आता माझ्या शेजारी राहते. अजून तिची सवय झालेली नाही.

हबीबभाईंच्या बिड्या सुटल्या असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, कमी झाल्या. कॅरेट वासिफ उचलतो. मी तरीही बेचैनच असतो. माझा स्वभाव आता बदलायचा नाही.

परवा बाजारात हमाल आसाराम गोणी टाकून कॅरेटच्या आडोशाला बसला आणि पाठ करून काहीतरी करू लागला. हबीबभाई लगेच उठले.

"आसाराम, काय ढकलतो बे?"

"काय न्हाई. गाठ सुटलती."

"मला नको शिकवू. मला बी होतं तसंच. जांघेतून आतडं बाहेर आलं होतं, मरता मरता वाचलो. वासिफ दवाखान्यात नेतो तुला, चल ऊठ."

"हळू बोल की, हबीबभाई. लोक ऐकतेत."

आजूबाजूची गिऱ्हाइके खरेच वळून पाहत होती. हबीबभाईंचे पोट फुगले, मी आवळलो आणि त्यांचा आवाज आणखी मोठा निघाला.

"ऐकू दे!"

मित्रांनो, तो आवाज मीच आतून ढकलला होता. माझ्याकडे शब्द नाहीत, फक्त कळ आहे. ती मी तुमच्यापर्यंत पोहोचवतो. पुढे आईला, बायकोला, डॉक्टरांना सांगायचे काम तुमचे. जागा कुठलीही असो, सांगायला लाजू नका. कुणी सांगताना लाजले, तर थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून बसा, पण उठून जाऊ नका.