चालीत बसवलेलं इंग्रजी

मित्रांनो, माझ्या काचेला तडा आहे आणि माझी बॅटरी दुपारीच दमते. तुम्ही मला जुना मोबाइल म्हणाल, तर ते खोटं नाही. पण माझे कान शाबूत आहेत, आणि ऐकायची हौस देवाने मला जरा जास्तच दिली आहे.

कारखान्यातून मी आलो तो कुणालच्या हातात. त्याने खेळ खेळून मला तापवलं, आपटलं आणि नवा फोन येताच कपाटात टाकलं. तिथून मला त्याच्या बहिणीने, दिपालीने उचललं. ती राहनाळच्या गोदामात खोकी भरायची. दिवसभर उभं राहून तिचे पाय सुजत. अशात गोदामाच्या ऑफिसात एक जागा निघाली. काम होतं परराज्यातल्या ट्रकवाल्यांशी इंग्रजीत बोलण्याचं. मुलाखत शुक्रवारी होती.

दिपालीने माझ्यात इंग्रजी शिकवणारं ॲप घेतलं. त्यात माणूस नाही, कृत्रिम बुद्धिमत्ता बोलते. दिपाली तिला ‘मास्तर’ म्हणू लागली. मास्तरांनी तिला स्वतःची ओळख झोकदार इंग्रजीत लिहून दिली.

आता दिपालीचं घर पडलं भजनाचं. वडील केसरीनाथ खारबावच्या मंडळात पखवाज वाजवतात. त्या घरात काहीही पाठ करायचं ते चालीवरच. पोरीने ती ओळखसुद्धा चालीत बसवली! बाबांची बोटं आपोआप मांडीवर वाजू लागली.

“वा गो! तुझं विंग्रजी अगदी ठेक्यात हाय.”

तेवढ्यात मास्तरांनी मध्येच विचारलं, “तुमच्या गोदामात काय काय असतं?” दिपाली थबकली. चाल तुटली. मग तिने पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, “माय नेम इज दिपाली...” पुन्हा प्रश्न आला, पुन्हा ‘माय नेम’.

बाबा पोट धरून हसले. “गाडी परत खारबावपासनंच निघाली!”

“हसू नको ना, बाबा. साहेबाने असंच मध्ये तोडलं तर? पुन्हा खोकीच भरायची ना मी?”

बाबा जवळ सरकले. “अगो, अभंग पाठ असतो. पन निरूपण कोन पाठ करतं का? बुवा समोरच्यांची तोंडं बघतात नि बोलतात.”

दिपाली माझ्याकडे वळली. मग म्हणाली, “मास्तर, आता लिहून देऊ नका. नुसतं विचारा.”

आणि काय सांगू, मास्तरांनी काय काय विचारलं! पखवाजाला कणीक का लावतात, इथपर्यंत गाडी गेली. दिपालीचे हात तेव्हा पिठातच होते. “फ्लाउर, वॉटर, देन साउंड बिग,” असं अडखळत तिने सांगितलं. मोडकं होतं, पण तिचं होतं. मी तर थक्क झालो. इतकी वर्षं त्या घरात राहून मला हे ठाऊक नव्हतं!

शुक्रवारी गेटवर पहारेकरी चांगदेवाने मला ट्रेमध्ये ठेवून घेतलं. आत काय चाललंय या विचाराने माझा जीव टांगणीला लागला. दिपाली आली ती हसतच. “साहेबांनी नावावरच थांबवलं हो, चांगदेवकाका! म्हणाले, ट्रकमधला माल भिजून आला तर काय बोलशील? मी त्यांनाच विचारलं, सर, हाऊ मेनी बॉक्स वेट? सोमवारपासून ऑफिसात बसायचंय मला!”

सोमवारी तिने मलाच टेबलावर ठेवून पहिला फोन लावला. मास्तर बंद होते. पलीकडे तमिळनाडूचा ड्रायव्हर होता. गाडी कधी पोचेल, कुठल्या दारी लावायची, सगळं त्या दोघांच्या धडपडत्या इंग्रजीत ठरलं. शेवटी तो म्हणाला, “सिस्टर, यू ईट फूड?”

मास्तरांनी हे कधीच विचारलं नव्हतं. दिपालीने डबा उघडला. मग तिने डब्यातली सुकटीची चटणी त्याला समजावून सांगितली, आणि तो पलीकडे खदखदून हसला.

मित्रांनो, आम्हा यंत्रांशी बोलून हवा तेवढा सराव करा. आम्ही कंटाळत नाही. पण जेवलात का, असं विचारणारा माणूस पलीकडे असेल, तर त्याच्यासाठी माझ्यात थोडं चार्जिंग राखून ठेवा.