भिंगावरचा डाग

घड्याळवाल्याच्या भिंगाला हात लावायची कुणाची टाप नव्हती, बायकोचीसुद्धा नाही. ते उजव्या डोळ्याच्या खोबणीत अडकवलं, की बाकी जग गेलं चुलीत.

साखरेचा जुना आजार, त्यात पोटाचं ऑपरेशन. तीन आठवडे मानेच्या शिरेत सलाइनची नळी आणि औषधांचा मारा. घरी आला तो निम्मा होऊन. डॉक्टरांनी महिनाभर विश्रांती सांगितली होती, पण पाचव्या दिवशी स्वारी दुकानात हजर.

पहिल्याच घड्याळात डाग दिसला. त्याने भिंग पुसलं. डाग जागचा हलेना, आणि हलला तर नजरेबरोबर पोहायचा. भिंग काढल्यावरही जरा धुरकट दिसायचं, पण ते त्याने अशक्तपणावर ढकललं. भिंगाचा राग मात्र निघाला बायकोवर. मी नव्हतो तेव्हा तेलकट बोटं लावलीस, म्हणाला. तिने शपथ घेतली, पण ऐकेल तर तो घड्याळवाला कसला. रोज सकाळी तेच तुणतुणं.

डाग दिसल्यापासून आठव्या दिवशी उजवा डोळा ठणकायला लागला, म्हणून त्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलं. लख्ख! चाकाचा दात न् दात दिसत होता. परत उजव्याला लावलं, तर डाग. तीनदा अदलाबदल केली, तरी तेच. ज्या डोळ्यावर तीस वर्षं घर चाललं, तोच बिघडला होता.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, आत बुरशी धरलीय. इतक्या आजारात अंगातली ताकद खचते, मग नळीवाटे बुरशी रक्तात शिरते आणि थेट डोळ्यात जाऊन बसते.

"डाग कधीपासून दिसतोय?"

"झाले दोन दिवस," तो म्हणाला.

"आठ," बायको म्हणाली.

लवकर यायला हवं होतं, एवढंच बाई बोलल्या. डोळ्यात इंजेक्शनं झाली, ऑपरेशन झालं, पुढे दीड महिना गोळ्या. डोळा जागेवर राहिला, पण नजर उरली ती समोर धरलेली बोटं मोजता येतील एवढीच. सेकंदकाटा त्या डोळ्याला पुन्हा दिसणार नव्हता.

दुकान उघडलं त्या दिवशी बायको सोबत आली. स्टुलावर बसून त्याने भिंग नुसतंच हातात धरलं. मग मान खाली घालून म्हणाला, "उगाच बोललो तुला. तू हात लावलाच नव्हतास."

"लावत होते," ती म्हणाली. "रोज तुमच्या आधी उठून तुमच्या खिशातलं भिंग साबणाने धुवायचे. म्हटलं, हे एवढं म्हणतात, तर खरंच लागला असेल माझा हात."

आठ दिवस दोघं मिळून भिंगच घासत होते. त्याला रडू आलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

थोड्या वेळाने त्याने भिंग डाव्या डोळ्याला लावलं. तिथे सवय नव्हती, ते निसटून पडलं. तिने उचलून दिलं. या वेळी पुसलं नाही.