सोवळेबाबांचं पिवळं पाणी

साल २०१८. माघ संपत आला होता. भिवंडीजवळच्या वळ गावाच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला आमचं गाव. तिथे दोन गोदामांमधल्या मोकळ्या जागेत मांडव पडला होता आणि शे-दीडशे बायका तळहात पुढे करून रांगेत उभ्या होत्या. बाहेर कंटेनर मागे घेताना वाजतो तो भोंगा तेवढा ऐकू येत होता.

सोवळेबाबा चौरंगावर बसले होते. त्यांची सेविका तांब्यातलं पिवळं तीर्थ एकेकीच्या हातावर ओतायची. हात पिवळा राहिला की बाबा डोळे मिटून घेत. लाल झाला की उघडत.

"मासा मरतो, त्याचं रक्त मरत नाही," ते सांगत. "पोटात गेलेलं रक्त तळहाताला येतं. माय, नवऱ्याला फसवशील, सासूला फसवशील. तळहाताला कशी फसवशील?"

माझ्या पुढे कमळ होती. माझ्या धाकट्या जावेची, रंगूबाईची सून. दोन महिन्यांची बाळंतीण. तिच्या हातावर पाणी पडलं आणि बघता बघता हात रक्तासारखे लाल झाले. मागच्या बायका एक पाऊल मागे सरल्या.

"एकवीस दिवस," बाबा म्हणाले. "सकाळी तुळशीचं पाणी, संध्याकाळी राजगिऱ्याचा एक लाडू. नाहीतर हे पाप दुधातून लेकरात उतरेल."

मग माझी पाळी आली. माझे हात पिवळेच राहिले. बाबांनी समाधानाने डोळे मिटले आणि मी माझे हात उलटसुलट करून पुन्हा पाहिले. कारण आदल्या दिवशी कमळने जो मासा खाल्ला होता, तोच मीही खाल्ला होता. तिला तो आणून दिला होता मीच.

आमचं गाव आगऱ्यांचं. माझ्या लहानपणी ओहोटी लागली की आम्ही पोरी खाडीच्या चिखलात उतरायचो. निवटे, चिखलात उड्या मारणारे ते मासे, हाताने पकडायचे, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे बिळातून काठीने काढायच्या. घरी आई तांदळाची भाकरी थापत बसलेली असायची आणि कालवणाला उकळी आली की आळीभर वास जायचा. बाळंतिणीला तर आधी मासा, मग बाकी सगळं. पुढे खाडीचं पाणी काळं झालं, शेतांवर गोदामं आली, घरं तीन मजली झाली. त्या घरांत २०१६ च्या सुमारास हे बाबा आले. आधी श्रावण कडक झाला, मग सगळे बारा महिने. मासेवालीची पाटी मांडवातल्या माणसांनी गटारात ओतली तेव्हा कोणी ब्र काढला नाही. रंगूच्या मुलाने, म्हणजे कमळच्या नवऱ्याने, रामनाथने रस्त्यालगतची जागा मठाला द्यायचं कबूल केलं. रंगूने गळ्यात माळ घातली आणि घरातला पाटा-वरवंटासुद्धा सात वेळा धुतला.

मी अंगणवाडीत तीस वर्षं काम केलेली बाई. बाळंतपणानंतर कमळच्या कार्डावरचा रक्ताचा, हिमोग्लोबिनचा आकडा पाहिला होता, बारा हवा तिथे सात. म्हणून मी माझी शाळेपासूनची मैत्रीण जाहिदा, तिच्या भिवंडीतल्या घरी जेवले आणि येताना सुरमईच्या दोन तुकड्या डब्यात घालून आणल्या. कमळने दाराआड उभ्या उभ्या खाल्ल्या. काटे चोखताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

मांडवातून परत येताना मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. मासा माझा, तोही जाहिदाच्या घरचा. गावाची हवा तेव्हा अशी होती की उद्या चार माणसं तिच्या दारात जाऊन उभी राहिली असती. शिवाय मनाच्या तळाशी भीतीही होती, की पाण्याला खरंच काही कळत असेल.

दिवस जात राहिले. भिंतीपलीकडून बाळाचं रडणं यायचं. आधी ते जोरात असायचं, मग बारीक होत गेलं. बाराव्या दिवशी ते मांजराच्या पिल्लासारखं वाटलं. मी गेले तर कमळ भिंतीला टेकून बसली होती. ओठ पांढरे.

"काकी," ती म्हणाली, "मना उठवत न्हाय."

"रंगू, पोरीला खायला घाल," मी म्हटलं.

"नऊ दिस ऱ्हायलं, बाय. मधीच सोडला तर पोरीवर येल." बोलताना रंगूने बाळाला कुशीत ओढलं. ती दुष्ट नव्हती. तिला नातीची भीती घातली होती.

मी तशीच रिक्षा करून जाहिदाकडे गेले आणि सगळं सांगितलं. ती विज्ञान शिकवून निवृत्त झालेली. तिने माझं सांत्वन वगैरे केलं नाही.

"दोघींनी एकच मासा खाल्ला," ती म्हणाली. "मग तुझ्या वेळी बाबांचा देव नमाजला गेला होता का?"

"चेष्टा नको करू."

"बरं. हात कशाने धुतलेस?"

"तू लिंबाची फोड दिलीस, ती चोळली."

"आणि तिने?"

"कपड्यांच्या साबणाने. तीनदा. वास राहू नये म्हणून मांडवात निघतानाही पुन्हा घासले."

जाहिदाने वाटीत हळद कालवली, बोटाला कपड्यांचा साबण चोळला आणि बोट वाटीत बुडवलं. लाल. वर लिंबू पिळलं. पिवळं.

"पन्नास वर्षं धुणं धुतेस," ती म्हणाली. "हळदीचा डाग पडलेल्या फडक्याला साबण लागला की काय होतं?"

"लाल होतं."

"तिथे कधी पाप दिसलं नाही तुला."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मांडवात गेले. हातात डबा, कमरेला लिंबू, पिशवीत साबणाची वडी. चौरंगासमोर बसले, डबा उघडला आणि सुक्या बोंबलाची चटणी भाकरीला लावून खायला लागले. वास पसरला तसे बायकांनी पदर नाकाला लावले.

"बाईला वेड लागलंय," बाबा म्हणाले. "बाहेर काढा."

"काढा," मी म्हटलं, "पण आधी तीर्थ घाला. माझं पाप सगळ्यांनी बघितलंय."

लिंबू चोळून हात पुढे केले. सेविका बाबांकडे बघत राहिली. मागून कोणीतरी म्हणालं, "घाल की." तिने ओतलं. पिवळे.

"रंगू, इकडे ये," मी म्हटलं. "माळ घातल्यापासून तू मासा खाल्लास?"

"शपत, न्हाय."

मी सगळ्यांसमोर तिचे हात साबणाने धुतले, वरवर पुसले आणि तांब्या सेविकेच्या हातून घेऊन ओतला. रंगूचे हात लाल झाले. ती त्यांच्याकडे बघत राहिली.

"मी न्हाय खाल्ला," ती म्हणाली. मग मांडवातच उभ्या असलेल्या रामनाथकडे वळली. "कमळला गाडीत घाल."

मी सगळं सांगितलं. सुरमईचं, जाहिदाचं, माझ्या गप्प बसण्याचंही. बाबांना आमच्या गावच्या बायका बरोबर ठाऊक होत्या. चोरून मासा खाल्लेली बाई दर्शनाआधी हात घासणारच. लाल झाली की ती स्वतःच कबुली देते, आणि चमत्कार खरा ठरतो. धुणं धुऊन तशीच आलेली एखादी लाल झाली, तर ती बिचारी मागच्या जन्मात पाप शोधते. बाबांनी कलियुगाचं काहीतरी सुरू केलं, पण तोवर बायका माझ्या पिशवीतल्या साबणाची वडी एकमेकींकडे देत होत्या.

कमळला दवाखान्यात रक्ताच्या दोन बाटल्या चढवल्या. ती वाचली. तिची मुलगी क्षितिजा आता शाळेत जाते आणि चिंबोरीचा डेंगा, ती जाड नांगी, दातांनी फोडते. रामनाथने ती जागा गोदामाला दिली. रंगूने माळ काढली नाही. ती मासा खात नाही, पण कमळच्या ताटात पहिली तुकडी तीच वाढते. गावातली दोन घरं माझ्याशी अजून बोलत नाहीत. जाहिदाच्या दारात कोणी गेलं नाही. ती तीन वर्षांपूर्वी आजाराने गेली. सोवळेबाबा दुसऱ्या तालुक्यात आहेत म्हणतात.

मासा खावा की खाऊ नये, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण कोणी चमत्कार दाखवून बाळंतिणीला उपाशी ठेवायला सांगत असेल, तर तो चमत्कार आधी आपल्या मोरीत करून बघा. हळद घरात आहे, साबणही आहे. माझ्यावरही विश्वास ठेवू नका, करून बघा. आणि लगेच बघा. मी बारा दिवस लावले. त्या बारा दिवसांत कमळचं दूध आटलं, ते पुन्हा आलं नाही.